कोरियाचे युद्धस्मृतीचे सिनेमे साताऱ्यात दाखवायचे असतील तर

परदेशी सिनेमाचा खेळ पडतो तो बहुतेक वेळा पडद्याच्या तळाशी येणाऱ्या अक्षरांमुळे. कोरियातल्या स्वतंत्र दिग्दर्शकांनी युद्ध, कत्तली, लष्करी राजवट आणि कामगारांचे हाल यांवर केलेल्या सिनेमांना तर हे फारच लागू पडतं. त्यांत माणसं कमी बोलतात, आणि जे बोलतात त्यात एखाद्या गावाचं नाव, एखादी तारीख, 'तू' की 'तुम्ही' एवढ्यावर सगळं तोललेलं असतं. इंग्रजीवरून घाईने मराठी केलं की हे सगळं गळून जातं आणि प्रेक्षकाला दिसतो तो नुसता बर्फ आणि रडणारी माणसं. म्हणून पुढच्या मजकुरात सबटायटल्सना सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

हिशेब असा धरला आहे: साताऱ्यातला ८० ते १२० खुर्च्यांचा हॉल, पंधरवड्याला एक असे चार सिनेमे, तयारीला तीन महिने. शाहू कलामंदिरासारखं मोठं नाट्यगृह पहिल्या वर्षी घेऊ नका. शंभर माणसं तिथे विखरून बसतात आणि चर्चा रंगत नाही. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जुलैत पत्र्यावरच्या पावसात संवाद बुडतात, आणि सप्टेंबरचे शनिवार-रविवार कासच्या गर्दीचे असतात. वेळ संध्याकाळी ५ ची ठेवा, म्हणजे कोरेगाव, वाई, कराडहून आलेल्यांना परतीची एसटी मिळते.

चार सिनेमे, आणि याच क्रमाने

पहिला 'नेक्स्ट सोही' (२०२२, दिग्दर्शक जंग जु-री). व्यावसायिक अभ्यासक्रमाची एक शाळकरी मुलगी प्रशिक्षण म्हणून कॉल सेंटरला लागते आणि आकड्यांच्या चरकात पिळली जाते. जोन्जू शहरात २०१७ साली घडलेल्या घटनेवर तो बेतलेला आहे, आणि तो आल्यानंतर २०२३ मध्ये कोरियाच्या संसदेने अशा प्रशिक्षणार्थींबाबतच्या कायद्यात दुरुस्ती केली. यात युद्ध नाही, तरी सुरुवात याच्यापासून करा. तो समजायला इतिहास लागत नाही आणि आयटीआय, डिप्लोमाच्या मुलांना एमआयडीसीतली अप्रेंटिसशिप लगेच आठवते. लांबी २ तास १८ मिनिटं आहे, त्यामुळे त्या दिवशी चर्चा आटोपती ठेवा. यात आत्महत्या आहे. जाहिरातीत ते लिहा आणि दारावर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावा.

दुसरा 'जीसूल' (२०१२, ओ म्योल). जेजू बेटावर १९४८ मध्ये सुरू झालेल्या कत्तलींवरचा हा कृष्णधवल सिनेमा. २०१३ च्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांचं ज्युरी पारितोषिक त्याला मिळालं. चौघांत हा सर्वांत सुंदर, आणि सबटायटल करायला सर्वांत अवघड.

तिसरा 'द मर्मरिंग' (१९९५, ब्योन यंग-जू). जपानी लष्कराने लैंगिक गुलामीत ठेवलेल्या, आता म्हाताऱ्या झालेल्या स्त्रियांबरोबर राहून केलेला माहितीपट. रीतसर थिएटरात लागलेला कोरियातला पहिला माहितीपट म्हणून तो ओळखला जातो. पुढे याच दिग्दर्शिकेने १९९७ आणि १९९९ मध्ये आणखी दोन भाग केले.

चौथा 'अ वॉर ऑफ मेमरीज' (२०१८, ली-किल बोरा). व्हिएतनाममध्ये कोरियन सैनिकांनी केलेल्या हत्याकांडातून वाचलेल्या माणसांचा. तो शेवटीच ठेवा. आधीच्या दोन सिनेमांत कोरियन माणूस सोसणारा असतो, इथे मारणारा होतो. हाच सिनेमा पहिला दाखवला तर प्रेक्षक 'सगळे सारखेच' म्हणून मोकळा होतो. तिसऱ्यानंतर दाखवला तर त्याला तसं मोकळं होता येत नाही.

'स्पिरिट्स होमकमिंग' (२०१६) का नाही, हे कोणीतरी विचारणारच. ७५,००० हून अधिक लोकांच्या वर्गणीतून तो झाला, ही मोठी गोष्ट आहे, आणि शेवटी त्या सगळ्यांची नावं पडद्यावरून जातात. पण त्यातले अत्याचाराचे प्रसंग अंगावर येतात आणि नंतर लोक त्या प्रसंगांबद्दलच बोलत राहतात. 'द मर्मरिंग'मध्ये असा एकही प्रसंग उभा केलेला नाही, तरी त्याचा परिणाम जास्त टिकतो. शिवाय 'स्पिरिट्स होमकमिंग' कधीही घेतलात तर शेवटची नावं संपेपर्यंत हॉलचे दिवे लावायचे नाहीत.

दुसऱ्या वर्षासाठी 'रिपॅट्रिएशन' (किम दोंग-वोन) डोक्यात ठेवा. आपली मतं सोडायला नकार दिल्यामुळे दक्षिणेच्या तुरुंगांत दशकानुदशकं राहिलेले उत्तर कोरियाचे कैदी आणि सप्टेंबर २००० मध्ये त्यांतल्या ६३ जणांची झालेली परतपाठवणी हा त्याचा विषय. अडीच तासांचा आहे, तयार झालेल्या प्रेक्षकालाच झेपतो.

परवानगी

ओटीटीचं सभासदत्व म्हणजे जाहीर खेळाचा हक्क नव्हे. तसाच यूट्यूबवर फुकट असलेला सिनेमाही हॉलमध्ये लावायला हक्कधारकाची परवानगी लागते. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थेला थोडी मोकळीक आहे, पण प्रेक्षक तिथले विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच असतील तरच. गावाला आमंत्रण दिलं की ती संपली. सेन्सॉर प्रमाणपत्राचा प्रश्न वेगळा आहे: प्रमाणपत्र नसलेला परदेशी सिनेमा खुल्या प्रेक्षकांना दाखवायला केंद्र सरकारची सूट लागते. त्यामुळे सर्वांत सोपा रस्ता म्हणजे फिल्म सोसायट्यांच्या फेडरेशनशी जोडलेल्या एखाद्या सोसायटीला बरोबर घेणं आणि खेळ सभासदांपुरता ठेवणं.

कोरियन वितरकाला मेल किमान दहा आठवडे आधी जायला हवा. त्यात गाव आणि हॉल, खुर्च्यांची संख्या, तारीख, एकच खेळ, तिकीट आहे की नाही, हे पहिल्या चार ओळींत लिहा, कारण शुल्क यावरच ठरतं. मग तीन गोष्टी मागा: १०८० पीची एमपी-४ फाईल, इंग्रजी सबटायटलची वेगळी एसआरटी फाईल, आणि त्यावरून मराठी सबटायटल करायची लेखी परवानगी. ही तिसरी बहुतेक जण विसरतात. भाषांतराचा हक्क वेगळा असतो. डीसीपी, म्हणजे थिएटरसाठीची डिजिटल प्रिंट, मागू नका, ते चालवायला थिएटरचा सर्व्हर लागतो. परदेशी पैसे पाठवताना बँक कागद मागते आणि कर कापायचा की नाही हे सीएला विचारावं लागतं. त्यासाठी दोन आठवडे बाजूला ठेवा.

डिस्क मिळाली तर रीजन बघा. कोरियाची डीव्हीडी रीजन ३ ची, आपली ५ ची. ब्लू-रेमध्ये कोरिया ए, भारत सी. इथल्या प्लेअरवर कोरियाची डिस्क लागेलच असं नाही, आणि हे खेळाच्या दिवशी कळलं तर उपाय नसतो.

सबटायटल्स: खरं काम इथे आहे

शंभर मिनिटांच्या सिनेमात साधारण ८०० ते १,००० सबटायटल्स असतात. सरावाचा माणूस तासाला ५० करतो. म्हणजे भाषांतरालाच १६ ते २० तास, दुसऱ्या माणसाची तपासणी ५ तास, आणि शेवटी पूर्ण सिनेमा एकदा लावून पाहणं. एका सिनेमाचं काम एकाच माणसाकडे द्या. दोघांत वाटलं की पहिल्या अर्ध्यात 'आजी' असलेली बाई दुसऱ्या अर्ध्यात 'म्हातारी' होते.

सरावासाठी कोरियन फिल्म आर्काइव्हच्या यूट्यूब चॅनेलवरचा 'ओबालतान' (१९६१, यू ह्योन-मोक) घ्या. इंग्रजी सबटायटल्ससह फुकट आहे. युद्धानंतरच्या सोलमध्ये दाढदुखी सोसत जगणारा कारकून आणि अंथरुणाला खिळलेली, मधूनच 'काजा!' असं ओरडणारी त्याची आई. इंग्रजीत 'लेट्स गो' येतं. त्याचं मराठी 'चला', 'चल', 'जाऊ या' की 'चला ना रे' करायचं, यावर तासभर वाद घाला. वाद निकाली निघाला नाही तरी चालेल, भाषांतर करणाऱ्याचा कान तयार होतो.

सबटायटल एडिट हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. जास्तीत जास्त दोन ओळी, एका ओळीत दिसणारी २२ ते २५ अक्षरं. सॉफ्टवेअर काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजतं, त्यामुळे त्याचा आकडा ४० च्या आसपास दिसेल, घाबरू नका. सेकंदाला ७-८ दिसणारी अक्षरं हा वेग साठीच्या माणसालाही झेपतो. म्हणजे भरगच्च दोन ओळींना सहा सेकंद हवेत. कोरियन माणूस तीन सेकंदांतच बोलून मोकळा झाला असेल तर वाक्य छाटा. काय छाटायचं? हाका, 'अहो ऐका', 'म्हणजे काय की', दुसऱ्यांदा आलेलं नाव. काय छाटायचं नाही? गावाचं नाव, तारीख, नातं, आकडा. ओळ तोडताना 'घरा' वर आणि 'च्या मागे' खाली असं होऊ देऊ नका, अर्थाच्या गाठीवर तोडा.

आता ज्या ठिकाणी हटकून चुका होतात ती ठिकाणं.

तू आणि तुम्ही. इंग्रजी सबटायटलमध्ये दोन्ही एकच. पण कोरियन ऐकू येतं की! वाक्य 'यो' किंवा 'निदा'वर संपलं तर आदराची भाषा आहे, 'तुम्ही' घ्या. शिपाई अधिकाऱ्याशी बोलतो तेव्हा 'निदा' सतत कानावर येईल. तसं शेपूट नसेल तर 'तू'. मात्र डोळे झाकून नको: आपल्याकडे आजीला घरचा नातू 'तू' म्हणतो आणि कॅमेरा घेऊन आलेली मुलगी 'आजी, तुम्ही' म्हणते, तीच चाल ठेवा. 'जीसूल'ला ही युक्ती चालत नाही. तिथे जेजूची बोली आहे आणि तिची आदराची शेपटं वेगळी, विधानाला 'सुदा', प्रश्नाला 'क्वा' अशा वळणाची. ही बोली मुख्य भूमीवरच्या कोरियन माणसालाही कळत नाही, म्हणून कोरियातसुद्धा हा सिनेमा प्रमाण कोरियन सबटायटल्स लावूनच दाखवला गेला.

मग जेजूच्या बोलीसाठी सातारी बोली वापरायची का? मोह होतो, कारण गुहेत लपलेली ती गावकरी मंडळी डुकराला चारा कोण घालणार यावरून भांडत असतात आणि आपल्या पारावरची वाटतात. पण मराठी पडद्यावर गावरान बोली इतकी वर्षं विनोदासाठी राबवली गेली आहे की 'व्हय', 'न्हाई' दिसलं की हॉल हसतो, आणि चुकीच्या जागी हसतो. मधला रस्ता असा: क्रियापदं प्रमाण, शब्दसंपदा शेतकऱ्याची. वैरण, गोठा, परडं, शिवार. शीर्षकालाही हात लावू नका. जेजूच्या बोलीत 'जीसूल' म्हणजे बटाटा, प्रमाण कोरियनमध्ये 'कामजा'. पहिल्यांदा शब्द येईल तिथे 'जीसूल, म्हणजे बटाटे' एवढं करा, नंतर नुसतं 'जीसूल'.

याच सिनेमाची चार प्रकरणं पूर्वजांच्या विधीतल्या चार पायऱ्यांवर बेतली आहेत: सिनवी, सिनम्यो, उमबोक, सोजी. आत्म्याला बोलावणं, तो राहतो ती जागा, त्याला वाढलेलं अन्न सगळ्यांनी वाटून खाणं, आणि शेवटी मागणं लिहिलेला कागद जाळणं. 'उमबोक'ला सरळ 'म्हाळाचं जेवण' लिहावंसं वाटेल. नको, त्याने प्रेक्षक जेजूतून उठून थेट पितृपक्षात येतो. पडद्यावर 'नैवेद्य वाटून खाणं' लिहा आणि म्हाळाची आठवण सुरुवातीच्या बोलण्यात काढा.

तारखा. कोरियात मोठ्या घटना महिना-दिवस अशा आकड्यांनी ओळखल्या जातात. ४·३ म्हणजे ३ एप्रिल, जेजू. ५·१८ म्हणजे १८ मे १९८०, ग्वांगजू. ६·२५ म्हणजे २५ जून १९५०, कोरियन युद्धाची सुरुवात. आपण दिवस आधी लिहितो, त्यामुळे ४·३ तसंच ठेवलं तर मराठी माणूस ४ मार्च वाचतो. नेहमी '३ एप्रिल' असं उलगडून लिहा.

दोन ग्वांगजू. १९८० च्या उठावाचं ग्वांगजू नैऋत्येला आहे. 'द मर्मरिंग'मधल्या आज्या ज्या 'नानुम-उइ जिप' या त्यांच्यासाठीच्या घराशी जोडलेल्या आहेत, ते घर आज सोलजवळच्या ग्योंगी प्रांतातल्या दुसऱ्याच ग्वांगजूमध्ये आहे. पत्रकात ही गल्लत झाली की जाणकार पाहुणा पहिल्या मिनिटाला ती दाखवतो.

वय. जुन्या पिढीतली माणसं कोरियन पद्धतीने वय सांगतात, जन्मतःच एक वर्ष धरून. (आंतरराष्ट्रीय पद्धत कायद्याने सर्वत्र लागू झाली ती जून २०२३ मध्ये.) आजी 'सोळा' म्हणाली तर आपल्या हिशेबात ती चौदा-पंधराची होती. सबटायटलमध्ये ती म्हणते तेच ठेवा.

'कम्फर्ट वुमन'. याचं 'सुखदायिनी' वगैरे भाषांतर हॉलमध्ये ऐकवत नाही. हा लष्कराने घडवलेला शब्द आहे, मराठीत त्याला गोड करायचं कारण नाही. कागदपत्रातला उल्लेख असेल तिथे अवतरणात 'कम्फर्ट वुमन', बाकी ठिकाणी 'लष्कराची लैंगिक गुलामी'. आणि 'हालमोनी' म्हणजे आजी, तिथे दुसरा शब्द शोधू नका.

नावं इंग्रजी स्पेलिंगवरून लिहिली की 'जिऑन्जू', 'सिऊल' तयार होतात. कानाने लिहा: जोन्जू, सोल.

तांत्रिक भाग थोडक्यात. फाईल यूटीएफ-८ मध्ये साठवा, नाहीतर पडद्यावर प्रश्नचिन्हं उमटतात. वेळेच्या ओळीतले आकडे इंग्रजीच राहू द्या. टायपिंगच्या सोयीने ते देवनागरी झाले की ते सबटायटल दिसतच नाही. फाँट नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता. तपासायला 'वाऱ्यावर', 'साताऱ्याच्या', 'युद्ध', 'क्षमा' हे शब्द पडद्यावर आणा. हिंदीपुरत्या केलेल्या फाँटमध्ये 'ऱ्या' हमखास मोडतो. वेळ चुकत असेल तर आधी निदान करा: सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच फरक असेल तर व्हीएलसी प्लेअरमध्ये जी आणि एच या कळांनी सबटायटल मागेपुढे सरकवता येतं. फरक वाढत जात असेल तर फ्रेम रेट वेगळा आहे. २३.९७६ आणि २५ यांच्यात शंभर मिनिटांत सुमारे चार मिनिटांचा फरक पडतो, २३.९७६ आणि २४ मध्ये फक्त सहा सेकंदांचा. हे कळांनी सुटत नाही, सबटायटल एडिटमध्ये फ्रेम रेट बदलून नवी फाईल काढावी लागते.

हॉल, उजेड, आवाज

सपाट हॉलमध्ये पुढच्याच्या डोक्यामागे नेमकं सबटायटल लपतं. पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान साडेचार फूट वर घ्या. छत बुटकं असेल तर व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये सबटायटलची जागा वर उचलता येते. खुर्च्या एकाआड एक सरकवून लावा. साडेपाच फूट उंचीच्या चित्रात अक्षरांची उंची साडेतीन इंच ठेवली की ४० फुटांवरचा माणूस वाचू शकतो. चष्मा विसरलेला माणूस मागे बसवून एकदा खात्री करा.

प्रोजेक्टरचा हिशेब असा: पडद्याचं क्षेत्रफळ चौरस फुटांत गुणिले १६, एवढे ल्युमेन पूर्ण अंधारात लागतात. १० फूट रुंद पडदा ५६ चौरस फुटांचा, म्हणजे साधारण ९०० ल्युमेन. पण दिवा जुना असतो, खिडक्या गळक्या असतात, म्हणून ३,००० ते ३,५०० चा घ्या. 'जीसूल'साठी मात्र ल्युमेन वाढवून भागत नाही. त्यातले गुहेतले प्रसंग जवळजवळ काळे आहेत, तिथे अंधारच लागतो. खिडक्यांना काळं कापड दुहेरी लावा आणि एक्झिटच्या दिव्याचा उजेड पडद्यावर पडत नाही ना ते बघा. प्रोजेक्टर 'डायनॅमिक' किंवा 'व्हिव्हिड'वर असेल तर 'सिनेमा'वर आणा, नाहीतर बर्फ निळा पडतो. 'द मर्मरिंग' १६ एमएमवर चित्रित झाला आहे, चित्र जवळजवळ चौकोनी येणार. कडेच्या काळ्या पट्ट्या बघून उत्साही ऑपरेटर 'फुल' दाबतो आणि सगळ्या आज्या जाड दिसतात. त्याला आधी सांगून ठेवा.

आवाजात एक चोरखड्डा आहे. फाईल ५.१ ची आणि हॉलमध्ये दोनच स्पीकर असले, तर कधीकधी मधला चॅनेल, म्हणजे नेमके संवाद, गायब होतात. वारा, बूट, संगीत सगळं ऐकू येतं. भाषा कोणालाच येत नसल्याने 'सिनेमाच असा शांत असेल' असं धरून खेळ पुढे चालतो. म्हणून जवळून चेहरा दिसतो असा एक प्रसंग लावून ओठ आणि आवाज ताडून बघा, आणि गरज पडली तर प्लेअरमध्ये आउटपुट स्टिरिओ करा. 'नाहीतरी वाचायचंच आहे' म्हणून आवाज कमी करणारेही असतात, त्यांना मिक्सरजवळ फिरकू देऊ नका.

१० एमबीपीएसची शंभर मिनिटांची फाईल साडेसात जीबीची होते. फॅट-३२ पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल जात नाही, एक्सफॅटवर फॉरमॅट करा. दोन प्रती, दोन वेगळे लॅपटॉप. प्रोजेक्टर ३०० ते ३५० वॉट, लॅपटॉप ९० वॉटपर्यंत. एक केव्हीएचा यूपीएस वीज गेल्यावर काही मिनिटं तग धरतो, आणि दिव्याच्या प्रोजेक्टरला थंड होऊन बंद व्हायला तेवढी लागतातच.

सुरुवातीची दहा मिनिटं

दहा म्हणजे दहा. वक्त्याने कथा सांगायची नाही, फक्त तीन-चार खुंट्या ठोकून द्यायच्या. 'जीसूल'साठी: जेजू कुठे आहे, ऑक्टोबर १९४८ चा तो आदेश (किनाऱ्यापासून ५ किलोमीटरच्या पलीकडे, डोंगराकडे जो सापडेल तो बंडखोर), २५,००० ते ३०,००० मृत्यूंचा अंदाज, आणि नातेवाइकांवर 'लाल', म्हणजे कम्युनिस्ट, असा शिक्का बसेल या भीतीने दशकानुदशकं पाळलेलं मौन. चौकशीचा विशेष कायदा झाला तो २००० साली. सिनेमातले बटाटे कुठून येतात हे मात्र चुकूनही सांगू नका, सगळा सिनेमा त्यावर उभा आहे.

'द मर्मरिंग'साठी दोन तारखा पुरतात: १४ ऑगस्ट १९९१, किम हाक-सन यांनी उघडपणे नाव सांगून साक्ष दिली तो दिवस, आणि ८ जानेवारी १९९२, सोलमधल्या जपानी वकिलातीसमोर दर बुधवारची निदर्शनं सुरू झाली तो. सिनेमाच्या शेवटाकडे एका आजीचं उघडं, थकलेलं शरीर कॅमेरा जवळून दाखवतो. आयोजकांपैकी दोघांनी तो आधी पूर्ण पाहावा आणि कॉलेजमध्ये खेळ असेल तर प्राचार्यांनाही दाखवावा. ऐनवेळी कोणीतरी प्रोजेक्टरसमोर हात धरला तर तो त्या बाईचा अपमान होतो.

वेगाने वाचू न शकणाऱ्यांसाठी दारात एक पान द्या: माणसांची नावं, नाती, दोन ठिकाणं, टाईप १४ पॉइंटचा. अख्खा सिनेमा माइकवरून मराठीत वाचून दाखवायची कल्पना कोणीतरी मांडेलच. 'नेक्स्ट सोही'ला ती एकवेळ चालेल. 'अ वॉर ऑफ मेमरीज'मध्ये एक साक्षीदार बहिरा आहे, तो हातांनी सांगतो. तिथे माइकवरचा आवाज म्हणजे त्याच्या तोंडावर हात ठेवण्यासारखंच.

नंतरची चर्चा

दिवे लगेच लावू नका, दोन मिनिटं जाऊ द्या. पहिला प्रश्न 'कसा वाटला?' असा विचारलात तर 'छान' आणि 'जड' ही दोन उत्तरं येतात. 'कुठला आवाज लक्षात राहिला?' असं विचारा. कोणी वारा म्हणेल, कोणी भांड्यांचा, आणि बोलणं सुरू होतं. एकाला तीन मिनिटं, सूत्रधार उभा नको, खुर्चीवर बसलेला बरा.

सातारा हा फौजींचा जिल्हा. पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावलेलं अपशिंगे मिलिटरी इथलंच. त्यामुळे 'अ वॉर ऑफ मेमरीज'नंतर एखादे माजी सैनिक उठून 'युद्धात काय होतं हे तुम्हाला काय माहीत' म्हणणारच, आणि त्यांना बोलू द्यायला हवं. सूत्रधाराने बाजू घेण्याऐवजी तपशील हातात ठेवावा: १९६४ ते १९७३ या काळात दक्षिण कोरियाने सुमारे ३,२०,००० सैनिक व्हिएतनामला पाठवले. १२ फेब्रुवारी १९६८ ला फोंग न्यी गावात जे घडलं त्यातून वाचलेल्या न्गुयेन थि थान यांनी कोरियन सरकारवर दावा लावला, आणि ७ फेब्रुवारी २०२३ ला सोलच्या न्यायालयाने त्यांना सुमारे ३ कोटी वॉन भरपाई द्यायचा निकाल दिला. दिग्दर्शिकेचे स्वतःचे आजोबा त्या युद्धात लढलेले होते. ही शेवटची गोष्ट सांगितली की सैनिकाच्या घरातली माणसं वेगळ्या कानाने ऐकतात.

प्रतिसरकारची तुलना निघेल, ती निघू द्या, पण चर्चेच्या उत्तरार्धात. आधी निघाली तर जेजू बाजूला पडतं आणि कोणाचे आजोबा तुफान सेनेत होते यावर तास जातो. कोरियाशी आपला खरा धागा हवा असेल तर तो वेगळा आहे: १९५० च्या अखेरीपासून तिथे असलेली भारतीय सैन्याची ६० पॅरा फील्ड ॲम्ब्युलन्स, आणि १९५३ च्या शस्त्रसंधीनंतर मायदेशी परतायला तयार नसलेल्या युद्धकैद्यांना सांभाळायला गेलेली भारतीय तुकडी. तिचे प्रमुख होते शेजारच्या कोल्हापूरचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. 'रिपॅट्रिएशन' दाखवाल तेव्हा सुरुवात इथूनच करा.

खेळ संपल्यावर तीन दिवसांत वितरकाला उपस्थितीचा आकडा, दोन फोटो आणि फाईल पुसल्याचा मेल पाठवा. मराठी एसआरटीची एक प्रत त्यांनाही द्या, सांगलीत किंवा कोल्हापुरात कोणी तोच सिनेमा मागितला तर ती त्यांच्याकडून मिळेल. आपल्या प्रतीच्या नावात सिनेमा, वर्ष आणि फ्रेम रेट घाला. 'फायनल', 'फायनल नवी' आणि 'फायनल खरी' यांतली कुठली चालवायची, हे पुढच्या वर्षी कोणालाच आठवत नाही.